कमावले की मानधन बंद, ही अट बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मानधन ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये झाले, ही समाधानाची बाब आहे. २०१९ पर्यंत जेमतेम ६०० रुपये मिळत होते, हे ज्यांना आठवते त्यांना या वाढीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरी येथे बच्चू कडू यांनी केलेल्या उपोषणात शेतकरी कर्जमाफीच्या जोडीने दिव्यांगांना दरमहा ६,००० रुपये मानधन द्यावे ही मागणी होती, आणि त्यानंतर गावोगावी चर्चा झाली ती रकमेचीच. रक्कम महत्त्वाची आहेच. परंतु हे मानधन कोणाला मिळते आणि कोणत्या क्षणी बंद होते, हे ठरवणाऱ्या अटीकडे या चर्चेत कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. त्या अटीविषयी सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र. मी निवृत्त शिक्षक असून यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात राहतो. आमच्या गावातील व शेजारच्या वस्त्यांतील लोकांचे निराधारचे अर्ज भरून देण्याचे काम माझ्याकडे आपसूक आलेले आहे, त्यामुळे ही अट कागदावर कशी दिसते आणि घरात शिरल्यावर काय करते, या दोन्ही गोष्टी मला जवळून पाहायला मिळतात.

अट अशी की, दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे. इतर निराधारांसाठी ही मर्यादा २१,००० रुपये आहे, म्हणून दिव्यांगांना सवलत दिली असे शासन म्हणू शकते. पण ५०,००० रुपये म्हणजे महिन्याला साधारण ४,१६६ रुपये आणि दिवसाला १३७ रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. घरात चार माणसे असतील तर माणशी दिवसाला चौतीस रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने घरातील एका धडधाकट माणसाने वर्षभरात १६१ दिवस काम केले, तरी कुटुंब या मर्यादेबाहेर जाते. म्हणजे केंद्र शासनाने ठरवलेली मजुरी राज्य शासनाच्या योजनेतून माणसाला बाहेर काढायला पुरेशी आहे. हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवून कोणी पाहिलेले दिसत नाहीत.

मर्यादा कमी असणे हा या अटीतला एक दोष झाला. मला त्याहून मोठा दोष दिसतो तो मर्यादा ओलांडताच काय घडते यात. एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न ४९,००० रुपये असेल तर दिव्यांग सदस्याचे वर्षाचे ३०,००० रुपये मानधन धरून घरात ७९,००० रुपये येतात. त्याच दिव्यांगाने थोडे जास्त कष्ट करून उत्पन्न ५२,००० रुपयांवर नेले, तर मानधन पूर्ण थांबते आणि घरात राहतात ५२,००० रुपये. तीन हजार रुपये जास्त कमावल्याबद्दल सत्तावीस हजार रुपये गेले. पूर्वीच्या जागी परत यायचे तर त्याला आणखी २७,००० रुपये कमवावे लागतील, आणि एवढे करूनही त्याच्या हातात वाढीव एक रुपयासुद्धा नसेल. मर्यादा उद्या ५०,००० ऐवजी एक लाख केली तरी हा कडा तसाच उरतो, फक्त थोडा पुढे सरकतो. कोणत्याही विचारी माणसाने अशा हिशेबापुढे काम न करण्याचा निर्णय घेतला तर त्याला आळशी म्हणता येणार नाही.

आमच्याच भागातील एका घरातली गोष्ट सांगतो. तिथल्या मुलाचा उजवा हात सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये गेला, तेव्हा तो बारावीत होता. डाव्या हाताने लिहायला तो पुढे शिकला आणि अक्षरही आता चांगले वळणदार आहे. कापसाच्या हंगामात एका जिनिंगच्या काट्यावर गाड्यांचे वजन नोंदवून पावती करायचे काम त्याला सांगून आले. नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने, महिन्याला नऊ हजार रुपये, पगार बँकेत जमा होणार. वडील नाहीत, आई कापूस वेचायला जाते आणि उन्हाळ्यात रोजगार हमीवर. मुलाचे पंचेचाळीस हजार आणि आईची मजुरी मिळून घर पन्नास हजारांच्या पलीकडे जाणार, हे त्या माउलीने अंगणात बसून बोटांवर मोजले आणि मला विचारले, ‘‘गुरुजी, काम पाच महिन्याचं. निराधार गेलं त् बाकीचे सात महिने कोन देईन?’’ मला उत्तर देता आले नाही. मुलगा त्या कामावर गेला नाही. तो पानटपरीवर अधूनमधून बसतो, रोख पन्नास-शंभर मिळतात, ते कोणत्याही कागदावर येत नाहीत आणि म्हणून मानधन सुरू आहे. ज्या नोकरीमुळे त्याच्या हातात कामाचा अनुभव आला असता, कदाचित पुढच्या हंगामात पगारही वाढला असता, ती त्याने नाकारली, कारण नाकारणे हेच त्याच्या घराला परवडणारे होते.

या प्रसंगात ग्रामीण विदर्भातील रोजगाराचे खरे स्वरूप दिसते. आमच्याकडे बारमाही नोकरी फार थोड्यांच्या नशिबी असते. पश्चिमेला कापूस वेचणी आणि जिनिंग, वरुड-मोर्शीकडे संत्र्याची तोडणी व प्रतवारी, भंडारा-गोंदियात धान रोवणी आणि कापणी, गडचिरोली-चंद्रपूरकडे उन्हाळ्यातील तेंदूपाने, असे सगळे काम हंगामाने येते आणि हंगामाने जाते. योजनेची अट मात्र असे गृहीत धरते की माणूस एक तर कमावता असतो किंवा निराधार असतो, आणि एकदा कमावता झाला की कायमचा कमावता राहतो. एकदा नाव कमी झाले की परत लावणे म्हणजे पहिल्यापासून सगळे करणे आले. नवा उत्पन्नाचा दाखला, सेवा केंद्रावर नवा अर्ज, तहसीलमध्ये छाननी, मग तालुका समितीची बैठक, आणि बैठक कधी होईल याची खात्री नाही. मंजुरीनंतरही आधार जोडणीत काही अडले तर रक्कम खात्यात यायला आणखी विलंब. हातपाय धड असलेल्या माणसालासुद्धा हे फेरे जड जातात. कुबड्या घेऊन एस.टी.ची पायरी चढणाऱ्याला, किंवा सोबत माणूस घेतल्याशिवाय तालुक्याला न जाऊ शकणाऱ्या दृष्टिहीन बाईला, ते किती जड जात असतील याचा विचार करावा. प्रवास सवलत असली तरी सोबत येणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून लोक मानधनाला घट्ट धरून बसतात. त्यांना २,५०० रुपयांचा मोह आहे असे नाही, एकदा सुटलेले परत हाती लागणार नाही याची त्यांना भीती आहे.

या अटीचा आणखी एक परिणाम मला फार बोचतो. दिवसाला १३७ रुपयांत कुटुंब चालत नाही हे तलाठ्याला माहीत असते, तहसील कार्यालयाला माहीत असते आणि दाखला मागणाऱ्यालाही माहीत असते. तरीही दाखल्यावर मर्यादेच्या आतला आकडा लिहिला जातो, कारण तो लिहिल्याशिवाय गरज असलेल्या माणसाला मदत पोहोचत नाही. अशा रीतीने एक पूर्ण व्यवस्था सर्वांना ठाऊक असलेल्या असत्यावर उभी राहते आणि त्याची किंमत गरिबालाच मोजावी लागते. कारण ज्याला खरा आकडा लपवायचा आहे तो बँकेतून येणारा पगार टाळतो, भविष्य निर्वाह निधी कापणारा मालक टाळतो, हजेरीपटावर नाव लागू देत नाही. रोख आणि तोंडी व्यवहारावर राहतो. अपघात झाला, मालकाने मजुरी बुडवली, तर दाद मागायला त्याच्याजवळ चिठोरासुद्धा नसतो. दिव्यांगांना संघटित आणि सुरक्षित कामात आणायचे, असे एकीकडे शासन म्हणते आणि दुसरीकडे तीच अट त्यांना असंघटित कामाच्या काळोख्या कोपऱ्यात ढकलते.

सिकलसेलच्या रुग्णांचा प्रश्न तर याहून अवघड आहे आणि तो खास आपल्या विदर्भाचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती, यवतमाळ या जिल्ह्यांत आदिवासी आणि काही अनुसूचित जातींमध्ये हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया यांच्यासोबत सिकलसेलचाही समावेश केला, हे त्या कायद्याचे मोठे उपकार आहेत. हा आजार डोळ्यांना दिसत नाही. बरे असताना रुग्ण चारचौघांसारखा काम करतो आणि थंडी पडली, अंगातले पाणी कमी झाले, श्रम जास्त झाले किंवा ताप आला की सांध्यांत आणि हाडांत असह्य वेदना उठतात व अनेक दिवस अंथरुणाला खिळावे लागते. आमच्या शेजारच्या वस्तीतील एक मुलगी शिवणकाम करते. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तिच्या मशीनचा आवाज रात्री उशिरापर्यंत ऐकू येतो. पौषातल्या थंडीत तिच्या बोटांना कात्री धरवत नाही आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. ती काम करू शकते का, या प्रश्नाला होय आणि नाही ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, महिना कोणता त्यावर अवलंबून. वर्षाच्या एका आकड्याने माणसाला पात्र किंवा अपात्र ठरवणाऱ्या पद्धतीत अशा मुलीला जागाच नाही. तिला चांगल्या महिन्यांत कमावण्याची मोकळीक आणि वाईट महिन्यांत आधाराची खात्री, दोन्ही एकाच वेळी हवे आहेत. त्यातले एक घेतले की दुसरे सोडावे लागेल असे तिला सांगणे अन्यायाचे आहे.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात ते मी हलके मानत नाही. तिजोरीवर भार पडेल, हा पहिला. दुसरा असा की खोटी प्रमाणपत्रे घेणारे आधीच पुष्कळ आहेत, अट सैल केली तर ते आणखी वाढतील. खोट्या प्रमाणपत्रांचा मला मनापासून संताप आहे, कारण त्यांनी खऱ्या दिव्यांगाची जागा आणि त्याच्याबद्दलचा विश्वास दोन्ही हिरावले. पण त्यावरचा उपाय वैद्यकीय तपासणी काटेकोर करणे आणि दिव्यांगांना मिळणाऱ्या वैश्विक ओळखपत्राची पडताळणी करणे हा आहे. उत्पन्नाची मर्यादा कमी ठेवल्याने खोटा दिव्यांग अडत नाही, तो खोटा उत्पन्नाचा दाखलाही आणतो. अडतो तो खरा दिव्यांग, ज्याने प्रामाणिकपणे काम धरले. भाराविषयी सांगायचे तर आजच्या पद्धतीत भार कमी होण्याचा मार्गच बंद करून ठेवला आहे. माणूस कमावायलाच निघाला नाही तर त्याचे पूर्ण मानधन आयुष्यभर द्यावे लागते. तो कमावू लागला आणि त्या प्रमाणात मानधन हळूहळू कमी होत गेले, तर तिजोरीचाही काही भाग वाचतो.

दुसरी एक तुलना करणे भाग आहे, आणि ती करताना कोणाच्या हक्काला हात लावण्याचा माझा हेतू नाही हे आधीच सांगतो. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. ती योग्यच आहे, कारण अडीच लाखांत चालणारे घरही गरीबच असते आणि त्या घरातल्या बाईच्या हाती स्वतःचे दोन पैसे असणे चांगले आहे. पण मग त्याच राज्यात, त्याच वर्षी, दिव्यांगाच्या घराची गरिबी मोजायला पन्नास हजारांची पट्टी का? ज्या घरात दिव्यांग माणूस आहे तिथे खर्च कमी नसतो, जास्त असतो. औषधे, कॅलिपर किंवा कृत्रिम अवयवाची दुरुस्ती, तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे, सोबतीला माणूस, हे खर्च इतर घरांना नसतात. २०१६ च्या अधिनियमातील कलम २४ हेच ओळखते आणि दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे असे सांगते. रकमेच्या बाबतीत आता २,५०० रुपये झाल्याने ते पाळले गेले असे म्हणता येईल. उत्पन्न मर्यादेच्या बाबतीत मात्र दिव्यांगाला लाडकी बहीण योजनेच्या पाचव्या हिश्श्यावर ठेवले आहे.

राज्यघटनेचे अनुच्छेद ४१ मी विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकवले. राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्याची तरतूद करावी, असा त्याचा आशय आहे. काम आणि साहाय्य ही दोन्ही तिथे एकाच वाक्यात, एकमेकांशेजारी ठेवली आहेत. एक स्वीकारले की दुसरे जाईल असे घटनेत कुठेही म्हटलेले नाही. ती अट आपल्या योजनांनी घातली आहे. १९८० साली निराधार योजना सुरू झाली तेव्हा दिव्यांग माणूस कमावू शकत नाही हेच सर्वांनी धरून चालले होते, आणि त्या काळी शाळा, साधने, प्रवास यांची स्थिती पाहता तसे वाटणे समजण्याजोगे होते. आज दिव्यांगांची एक पिढी शिकून तयार झाली आहे. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांच्या छायेखाली वाढलेल्या एका दृष्टिहीन मुलीने राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण केली, हे आपण सर्वांनी अभिमानाने वाचले. योजनेचा विचार मात्र १९८० सालीच थांबला आहे.

शेजारी पाहिले तर पैनगंगेच्या पलीकडे अदिलाबादच्या बाजूला तेलंगणात दिव्यांगांना दरमहा ४,०१६ रुपये मिळतात आणि आंध्र प्रदेशात २०२४ पासून ही रक्कम ६,००० रुपये आहे. आमच्या तालुक्यातल्या अनेकांचे नातेवाईक नदीपलीकडे आहेत, त्यामुळे हा फरक इथे सर्वांना तोंडपाठ आहे. केंद्र शासनाचा वाटा मात्र सर्वत्र सारखाच आणि फार थोडा आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनात ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला केंद्राकडून दरमहा ३०० रुपये येतात. ती रक्कम इतकी वर्षे तिथेच ठेवणे कोणत्याही पक्षाच्या सरकारला शोभणारे नाही.

मजुरी आणि मानधन यांची सांगड घालण्याची पद्धत जगात नवी नाही. अमेरिकेत गरीब दिव्यांगांना जे मासिक साहाय्य मिळते त्यात कमाईचा सुरुवातीचा थोडा भाग सोडून दिला जातो आणि पुढच्या दर दोन डॉलर कमाईमागे साहाय्यातून एक डॉलर कमी होतो. तिथल्याच दुसऱ्या योजनेत लाभार्थ्याला नऊ महिने काम करून पाहण्याची मुभा असते, त्या काळात लाभ बंद होत नाही. आपल्या खिशाला आणि आपल्या खेड्यांना जुळेल असा हिशेब आपण करू शकतो. समजा, आजची पन्नास हजारांचीच मर्यादा ठेवली आणि त्यापुढील दर दोन रुपयांमागे मानधनातून एक रुपया कमी केला. मघाच्या ५२,००० रुपये उत्पन्नाच्या घराचे वर्षाला फक्त एक हजार कमी होतील आणि घरात ८१,००० रुपये येतील. उत्पन्न ८०,००० झाले तर मानधन १५,००० राहील आणि एकूण होतील ९५,०००. उत्पन्न १,१०,००० रुपयांवर पोहोचले की मानधन आपोआप शून्य होईल. प्रत्येक जास्तीच्या दिवसाच्या कामाने घरात काहीतरी वाढतेच, हे या हिशेबात महत्त्वाचे. काट्यावर बसायला निघालेल्या त्या मुलाच्या आईला हा हिशेब बोटांवर मोजून दाखवता आला असता तर तिने त्याला डबा बांधून दिला असता, याबद्दल मला शंका नाही.

अर्थात, अट बदलली म्हणजे काम उपलब्ध झाले असे होत नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील २ कोटी ६८ लाख दिव्यांगांपैकी सुमारे ३६ टक्केच काही ना काही काम करत होते आणि दिव्यांग स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. शासकीय सेवेत ४ टक्के आरक्षण आहे, पण ते शिकलेल्या आणि परीक्षेपर्यंत पोहोचलेल्या थोड्यांसाठी. खेड्यातल्या दिव्यांगाचे काम खेड्यातच उभे करावे लागेल. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. अनेक ठिकाणी तो वर्षाच्या शेवटी घाईने वाटून टाकला जातो, त्यातून कोणाला शिलाई मशीन, कोणाला गिरणी, कोणाला मोबाइल दुरुस्तीचे साहित्य देण्याचा विचार फारसा होत नाही. रोजगार हमीच्या कामावर पाणी पाजणे, लहान मुले सांभाळणे, हजेरी ठेवणे अशी कामे दिव्यांगांना द्यावीत अशा सूचना आहेत. पण रोजगार सेवकाने स्वतःहून बोलावल्याशिवाय ‘तुला काय जमणार’ या एका वाक्यावर माणूस परत पाठवला जातो.

वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी सात दशकांपूर्वी जे केले त्यातून विदर्भाने एक गोष्ट तरी आपलीशी करायला हवी होती. बोटे झडलेल्या कुष्ठमुक्त माणसांनी तिथे खडकाळ जमिनीत विहिरी खोदल्या, शेती पिकवली, माग चालवले. हे शक्य झाले कारण तिथे माणसाच्या उरलेल्या ताकदीप्रमाणे कामाची मांडणी केली गेली, अवजारे बदलली गेली, आणि आजारी पडला तर जेवण व निवारा सुटणार नाही ही खात्री प्रत्येकाला होती. ती खात्री होती म्हणून माणसे मोकळ्या मनाने कामाला भिडली असे मला वाटते. आज आमच्या खेड्यातल्या दिव्यांगापुढे हा क्रम उलटा आहे. आधी खात्री सोड, मग कामाला जा, असे आपण त्याला सांगतो.

एक बाजू राहून जाऊ नये. सगळेच दिव्यांग काम करू शकतात असा या पत्राचा अर्थ कोणी काढला तर मला वाईट वाटेल. तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व, बहुविकलांगत्व, पाठीच्या कण्याची इजा होऊन अंथरुणावर असलेले लोक, यांच्याकडून कमाईची अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे. आणि त्यांच्याच नव्हे, त्यांना सांभाळणाऱ्या आईच्याही मजुरीचा प्रश्न आहे. पंचवीस वर्षांच्या मुलाला उचलून न्हाणीत नेणारी, भरवणारी, रात्री झटका आला तर जागी असणारी बाई कापूस वेचायला जाऊ शकत नाही. अशा घरांना २,५०० रुपये पुरत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी आणि मोठी रक्कम हवी, आणि तिथे उत्पन्नाची अट जवळजवळ नसावी. आंध्रने अंथरुणाला खिळलेल्यांसाठी दरमहा १५,००० रुपये ठेवले आहेत, हे आपल्या राज्याला अगदीच अशक्य आहे असे मानायला मी तयार नाही. काम करू शकणाऱ्याला काम करू द्यावे, यासाठी जो काम करू शकत नाही त्याच्यावर संशय घेण्याची गरज नाही.

३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. मानधनाची योजना चालते ती सामाजिक न्याय विभागाकडून, दाखले देतो महसूल विभाग, रोजगार हमी वेगळ्या विभागाकडे, आणि प्रमाणपत्र सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयातून. या सगळ्यांना एका मेजाभोवती बसवणे हे त्या स्वतंत्र विभागाचे काम आहे.

माझी मागणी अशी आहे. दिव्यांगांच्या मानधनासाठी उत्पन्नाची मर्यादा लाडकी बहीण योजनेप्रमाणे अडीच लाख रुपये करावी. तेवढे लगेच शक्य नसेल तर निदान दिव्यांगाने स्वतः श्रमाने मिळवलेली कमाई कुटुंबाच्या उत्पन्नात धरू नये, आणि मर्यादा ओलांडली तरी मानधन एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने कमी करावे. हंगामी कामावर गेलेल्याचे नाव यादीतून काढून न टाकता स्थगित ठेवावे आणि काम संपल्याचे त्याने ग्रामपंचायतीत लेखी कळवले की नवा अर्ज, नवी बैठक यांशिवाय पुढच्याच महिन्यापासून मानधन पुन्हा सुरू करावे. या शेवटच्या मागणीला तर पैशाची फारशी गरज नाही, एका शासन निर्णयाने ती पूर्ण होऊ शकते, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे लोकांच्या मनातली निम्मी भीती तिथेच संपेल.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दिव्यांगांचे मोर्चे दरवर्षी येतात, निवेदन स्वीकारले जाते आणि माणसे तीनचाकी सायकली ओढत परत जातात. विदर्भातील आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून या एका अटीविषयी सभागृहात प्रश्न विचारावा, आणि किती दिव्यांग लाभार्थ्यांचे मानधन उत्पन्न वाढल्याच्या कारणाने बंद झाले व त्यांपैकी कितींचे पुन्हा सुरू झाले याची तालुकावार माहिती शासनाकडून मागावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. केळापूर, जि. यवतमाळ